डाव्या हाताचा हातोडा

रविवारी दुपारी दुकानाचं शटर अर्धं खाली आलं, की गल्लीतले लोक समजायचे, आज आत माल मोजतायत. घरचे समजायचे, आज आत भांडण आहे. आणि खरं सांगायचं तर दोन्ही एकदमच चालायचं.

दुकान हार्डवेअरचं. बिजागरीपासून पाण्याच्या टाकीपर्यंत सगळं. दारावरच्या पाटीवर दुकानाच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं : आमच्याकडे नाही नाही. रंगारी पहिल्या 'नाही'ची अवतरणचिन्हं विसरला होता, त्यामुळे नवीन गिऱ्हाईक पाटीखाली घटकाभर थबकायचं, हे दुकान उघडं आहे का बंद ते ठरवत. पण मालकांना ती पाटी म्हणजे घराण्याचं ब्रीद. वस्तू नसली तर ते 'येतेय' म्हणत, 'त्याहून भारी दाखवतो' म्हणत, 'बसा, पाणी घ्या' म्हणत. नाही म्हणून म्हणत नसत. त्यांना बायकोसुद्धा मालक म्हणायची. पोरं आणि सून तेवढी बाबा म्हणत.

आज सगळे गोदामात गोळा झाले होते. थोरला रंगाच्या डब्यावर बसला होता, धाकटा पाइपांच्या जुडग्यावर. आईंना एकुलती एक खुर्ची. जावयासाठी नवंकोरं स्टूल उघडलं होतं, त्यावरचं लेबलही काढलं नव्हतं. त्याला चिकटून बेबी, म्हणजे मालकांची लेक, तिशी उलटली तरी बेबीच. तिची पोरगी चिमणी कोपऱ्यात बसून वॉशर लहान-मोठे लावत होती, अगदी आवाज न करता. मालकांच्या हातात एक चावी होती. दूरच्या गावी नवी शाखा निघाली होती. रात्रभर प्रवास केला तर सकाळी पोचावं इतकी दूर. ती जावयाने चालवायची, बेबीने आणि चिमणीने तिकडेच राहायला जायचं, असं जवळजवळ ठरलेलं होतं.

पण आधी दुसरा विषय निघाला, आणि तो असा विचित्र की ज्या वस्तूवरून भांडायचं तिचं नावच कुणी घ्यायचं नव्हतं.

"त्या वस्तूचं काय ते आज ठरवून टाका," धाकटा म्हणाला.

"कुठल्या?" मालकांनी विचारलं.

"ती हो. ती वस्तू."

"नाव घेऊ नका!" थोरली दारातून ओरडली. ती नुकतीच केंद्रातून आली होती, अजून चपलाही काढल्या नव्हत्या.

थोरली ही या घरची मोठी सून. ज्या बायकांना घरात मार बसतो, ज्या पोरांना घरातच भीती असते, त्यांच्यासाठी शहरात एक केंद्र होतं, तिथे ती समुपदेशक होती. हा शब्द मालकांच्या तोंडात कधी पूर्ण बसला नाही. 'आमची थोरली उपदेशक आहे,' असं ते पाहुण्यांना सांगायचे. घरातलं कुणी त्यांना दुरुस्त करत नसे, कारण घरच्यांचाही अनुभव तोच होता.

तर केंद्राने एक युक्ती काढली होती. ज्या बाईचा नवरा तिच्या सावलीसारखा मागे असतो, तिचा फोन तपासतो, तिने मदत मागायची कशी? तिने ठरलेल्या दुकानात जायचं आणि तिथे असूच शकत नाही अशी एक वस्तू मागायची. दुकानदाराने एवढंच म्हणायचं, 'मागे आहे, आत या, बघू.' आत खुर्ची, पाणी, फोन. मागच्या दाराशी केंद्राची गाडी. कुठल्या दुकानात काय मागायचं ते फक्त बायकांच्या बाथरूममध्ये चिकटवलेलं असायचं, दवाखान्यात, शाळेत, टेलरकडे. दुकानात काम करणाऱ्यांना सोडून एकाही पुरुषाच्या कानावर ते जाता कामा नये, हा पहिला नियम. जावई दुकानात काम करत नव्हता, म्हणून आजची ही अडखळत चाललेली बैठक.

वस्तू ठरवताना औषधवाला, बेकरीवाला सगळे पटापट उरकले. अडलं ते या दुकानापाशी. "आमच्याकडे नसलेली वस्तू?" मालक उठून उभेच राहिले होते. "सांग. सांगून बघ." मग एक अख्खी दुपार सुनेने वस्तू सांगायची आणि सासऱ्यांनी ती माळ्यावरून काढून आणायची. घोड्याचा नाल निघाला. कंदिलाची काच निघाली. ज्या कुलपांची कंपनी बुडाली त्यांच्या किल्ल्या निघाल्या. शेवटी थोरली वैतागून म्हणाली, "डाव्या हाताचा हातोडा."

मालकांनी तोंड उघडलं. मिटलं. शिडी चढले, माळ्यावर हात फिरवला, उतरले.

"हातोड्याला डावं-उजवं नसतं," ते म्हणाले.

"म्हणूनच," थोरली म्हणाली, आणि तिथेच चुकली. नसलेली वस्तू या माणसाच्या मनात कुसळासारखी रुतून बसते, हे इतकी वर्षं या घरात काढून तिला कळायला हवं होतं.

योजना सुरू झाली. बायका आल्या, आत गेल्या, मागच्या दाराने सुटल्या. थोड्याच, पण आल्या. एकदा मात्र खराखुरा डावखुरा सुतार आला. त्याने बिचाऱ्याने सहज विचारलं, आणि थोरल्याने नियमाप्रमाणे त्याला आत नेऊन खुर्चीत बसवलं, पाणी दिलं, आणि पाठ केलेलं वाक्य म्हटलं, "यात तुमचं काही चुकलेलं नाही." सुतार घळाघळा रडायला लागला. त्याचा मोठा भाऊ त्याला लहानपणापासून पट्टीने मारत होता, आणि अजूनही मारत होता. त्याचं सगळं ऐकेपर्यंत दुकान बंद व्हायची वेळ आली. जाताना म्हणाला, "हातोडा राहूच द्या, उजव्याने करतो."

इथवर ठीक होतं. पण मालकांच्या डोक्यात एकच गोष्ट शिरली होती : लोक मागतायत. मागणी आहे. थोरली बाहेरगावी प्रशिक्षणाला गेली तेवढ्यात त्यांनी लोहार गाठला. दांड्याला डाव्या अंगठ्यापुरती खाच, डोकं किंचित कललेलं. परत येऊन थोरली बघते तर काचेच्या कपाटात डझनभर डाव्या हाताचे हातोडे आणि वर पाटी : नवीन!

"बाबा!" ती किंचाळली होती.

"सुबक झालेत ना?" बाबा म्हणाले होते.

तोवर एक शिक्षिका येऊन गेली होती. तिने घाबरत घाबरत विचारलं, आणि मालकांनी अभिमानाने हातोडा बांधून दिला. ती बाई तशीच, काय करावं न कळून, तो हातात घेऊन घरी गेली. नवऱ्याने दार उघडलं, हातोडा पाहिला, चपला घातल्या आणि भावाकडे राहायला निघून गेला तो अजून आलेला नाही. हे यश धरायचं का अपयश, यावर केंद्रात दोन बैठका झाल्या. पण थोरलीने मालकांकडून शब्द घेतला होता. "बाहेरच्या बाईने मागितला की आधी आत न्यायचं," मालकांनी गळ्याला हात लावून कबूल केलं होतं. "बाहेरच्या कुठल्याही बाईने."

त्यातल्या 'बाहेरच्या' या शब्दावर थोरलीने तेव्हा कान टवकारले नाहीत.

"बाबा, रागावणार नसाल तर एक बोलू?" जावई आता म्हणाला. प्रत्येक वेळी तो हे विचारायचा आणि त्याच्यावर कधीच कुणी रागवायचं नाही. मऊ आवाज. आईंच्या गुडघ्याच्या गोळ्यांच्या वेळा त्याला पाठ. येताना फळांची पिशवी चुकायची नाही. जावई असावा तर असा, हे आई दोन्ही मुलांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणायच्या.

"बोला की जावईबापू."

"दुकान कसं दुकानासारखं असावं. वहिनींचं काम थोरच आहे. पण बायका येतात, रडतात, मागून गाड्या येतात. गिऱ्हाईक बिचकतं. आणि खरं सांगायचं तर निम्म्या बायका उगाच येतात. घरोघरी मातीच्या चुली."

"तेच म्हणते मी," आई म्हणाल्या. "भांड्याला भांडं लागायचंच."

"आई, भांड्याला भांडं लागलं तर आवाज होतो," थोरली म्हणाली. "पण पोचे कायम एकाच भांड्याला पडत असतील, तर दुसरं भांडं नाही, तो बत्ता आहे."

"झाला उपदेश सुरू," धाकटा पुटपुटला. त्याचं जावयाशी मेतकूट जमलं होतं, त्याला कारण होतं. "वहिनी, मला तुमच्या योजनेचं वावडं नाही. पण ती मागची खोली रिकामी झाली तर माझे कमोड मावतील. आत्ता ते जिन्यात उभे आहेत. परवा एक म्हातारं गिऱ्हाईक दमून बसलं त्यातल्या एकावर."

"बसलं तर बसलं!"

"पेपर मागितला वहिनी त्याने."

"तू का गप्प?" थोरलीने नवऱ्याकडे बघितलं. थोरला रंगाच्या डब्यावरचं झाकण बोटाने वाजवत होता. हा माणूस आयुष्यात कुणाशी भांडला नव्हता. भांडण लागलं की तो रंग ढवळायला जायचा.

"मला काय. सगळे म्हणतील तसं."

"बेबी, तुझं काय मत?" मालकांनी विचारलं.

बेबीने आधी जावयाकडे पाहिलं. मग म्हणाली, "ह्यांना वाटतं तसं."

थोरलीच्या मनात काहीतरी टोचलं. या घरात ती लग्न होऊन आली तेव्हा बेबी हसली की खिळ्यांचा डबा सांडल्यासारखा आवाज व्हायचा. शेजारचे भिंतीवर थापा मारायचे. मालकांना बाबा न म्हणता 'अहो पाटीवाले' म्हणणारी ही एकटी. अलीकडे शांत झाली होती. संसारात रमली, असं सगळे म्हणायचे. थोरलीही म्हणायची. केंद्रात ती नव्या मुलींना एक तक्ता उलगडून दाखवायची, त्यावर एक चित्र होतं : बाई उत्तर देण्याआधी नवऱ्याच्या तोंडाकडे बघते. त्या चित्रावर छडी ठेवून थोरली दरवेळी विचारायची, 'अशी बाई तुमच्या ओळखीत आहे का? नीट आठवा.' स्वतः मात्र कधी आठवलं नव्हतं. काखेत कळसा म्हणतात तो असा. पण टोचलेलं पुरतं वर यायच्या आत मालकांनी टाळी वाजवली.

"हात वर करा. योजना बंद करायची म्हणणारे."

धाकट्याचा हात वर गेला. आईंचा गेला. थोरला कान खाजवायला गेला, तोही मोजला गेला. जावयाने बेबीकडे नुसतं पाहिलं, तिचाही हात वर गेला.

"ठरलं," मालक म्हणाले. थोरलीकडे बघायचं टाळून त्यांनी चावी पुढे केली. "आता हे घ्या जावईबापू. उद्याच निघा. शुभस्य शीघ्रम."

थोरलीने डोळे मिटून घेतले. या आठवड्यात कुणीतरी येईल, कुठल्या तरी बाथरूममध्ये वाचून येईल, वस्तू मागेल, आणि हे लोक तिला काय देतील? कमोड.

जावयाने चावीला हात लावला, पण घेतली नाही. जिंकलेल्या माणसाला जरा गंमत करावीशी वाटते, तसं त्याला वाटलं.

"घेतो बाबा. पण एका अटीवर. नव्या शाखेत तुमचे ते डाव्या हाताचे हातोडे पाठवायचे नाहीत!"

"का? काय वाईट आहेत?"

"हसू नका हां कुणी. आमच्या घरात तीन आहेत. तीन! आणि डावखुरं कुणीच नाही. ही इकडे आली की मी बाहेर गाडीत थांबतो, गाडी चालू ठेवून, दोन मिनिटं म्हणून. आणि ही आतून येते ती हातोडा घेऊन! रंगीत कागदात बांधलेला. मी म्हटलं, अगं, बायका माहेरहून खाऊ आणतात!"

धाकटा खो खो हसला. आई पदर तोंडाला लावून हसल्या. मालक तर फुलले.

"पहिलं गिऱ्हाईक घरचं! मी म्हटलंच होतं, बापाच्या कलेची कदर लेकीलाच. पहिल्यांदा आली, म्हणाली, बाबा, डाव्या हाताचा हातोडा आहे का? मी म्हटलं, आहे म्हणजे काय! दुसऱ्यांदा आली, तेच. मी म्हटलं, हिला आवडला. एक छदाम घेतला नाही मी."

"आणि पुढचं ऐका," जावई म्हणाला. "त्यातला एक चिमणी उशाखाली घेऊन झोपते. काढायला गेलं की किंचाळते!"

थोरली मुळात हसलीच नव्हती. थोरल्याचं बोट झाकणावर थांबलं. मग आईंचा पदर तोंडावरून खाली आला. धाकट्याचं हसणं एकटंच थोडं पुढे गेलं, मागे कुणी नाही असं पाहून तेही थांबलं. मालकांना सगळ्यात जास्त वेळ लागला. हयातभर दुकान चालवलेला माणूस, पण मागणी काय होती आणि पुरवठा काय केला, याची त्यांच्या डोक्यात गाठ पडायला वेळ लागला. ती पडली तेव्हा त्यांचा चेहरा ओल्या सिमेंटसारखा झाला.

कोपऱ्यात चिमणीने वॉशर लावायचं थांबवलं होतं.

"बेबी," मालकांचा आवाज चिरकला, "म्हणजे तू तेव्हा..."

थोरलीने पायाने वॉशरचा डबा उडवला. सगळं गोदाम खणखणलं.

"अगं बाई! बघा ना, माझा पाय!" ती म्हणाली. नियम दुसरा : नवऱ्यासमोर एक अक्षर काढायचं नाही, कारण घरी गेल्यावर त्याची वसुली तिच्याकडूनच होते. हा नियम तिने या सगळ्यांना शिकवला होता, तेव्हा कुणीही लक्ष दिलं नव्हतं. आता ती एकेकाच्या डोळ्यांत बघत गेली, आणि सगळ्यात शेवटी नणंदेच्या.

"बेबी, अजून एक हवाय का गं तुला?" ती म्हणाली. हसत म्हणाली, हसू कसं आलं तिचं तिला माहीत. "मागे आहे. आत ये, बघू."

बेबी हलली नाही. तिने सवयीने जावयाकडे पाहिलं.

आणि जावयाने हात जोडले, मान हलवली, सगळ्यांना हसवायला म्हणाला, "चौथा? जा बाई, घे. तुझ्या बापाचंच दुकान आहे."

बेबी उठली.

आता खरी पंचाईत. या घरातल्या एकालाही नाटक येत नव्हतं. शाळेच्या नाटकात थोरला झाड झाला होता आणि झाड असून घाबरून पडला होता. तरी सगळ्यांत आधी तोच उठला. धाकट्यासमोर जाऊन उभा राहिला आणि अख्ख्या जन्मात पहिल्यांदा ओरडला,

"तुझे कमोड माझ्या रंगाला खेटून ठेवतोस!"

धाकटा बघतच राहिला. "दादा? काय झालं तुला?"

"काय झालं? मला विचारतोस? अर्ध्या इंचाच्या नळांची पेटी माझ्या फडताळावर कुणी ठेवली? बोल!" आणि डोळा मारला. डोळा मारायची सवय नसल्यामुळे त्याचे दोन्ही डोळे मिटले.

धाकट्याला कळलं. कळलं तसा त्याचा चेहरा उतरला, कारण दोन मिनिटांपूर्वी त्याचाच हात सगळ्यांत आधी वर गेला होता. मग तोही उठला आणि असा बरसला की बस. "रंग विकतोस म्हणून स्वतःला चित्रकार समजतोस? लहानपणी माझी सायकल मोडलीस ती कबूल केलीस का कधी?" सुरुवात खोटी होती, पण सायकलीपासून पुढे सगळं खरंच निघायला लागलं.

"अहो, अहो!" जावई मध्ये पडायला गेला.

"पडू द्या त्यांना," आई उठत म्हणाल्या. "चिमणे, जरा हात दे गं आजीला. बाथरूमला जायचंय." आईंनी आजवर कुणाचा हात धरला नव्हता, गुडघे दुखत असले तरी भिंत धरायच्या, माणूस नाही. चिमणीने हात दिला. जाताना आईंनी खुर्चीजवळची फळांची पिशवी उचलली, कचऱ्याच्या डब्यावर धरली, मग अन्न टाकायची सवय नसल्यामुळे शेजारी ठेवली. पण पुन्हा तिच्याकडे पाहिलं नाही.

चौघी आत आल्या आणि मागच्या खोलीचं दार लागलं. प्लायवूडची भिंत, पलीकडचा शब्द न् शब्द ऐकू येत होता. थोरलीने फोन फिरवला, पत्ता सांगायची गरजच पडली नाही. मग तिने खुर्ची पुढे केली, पाणी दिलं आणि पाठ असलेलं वाक्य म्हणायला तोंड उघडलं. ते वाक्य आजवर कितीतरी बायकांना तिने न अडखळता म्हटलं होतं.

"बेबी, यात तुझं..." आणि पुढचं येईना.

"तीनदा मागितला गं वहिनी," बेबी म्हणाली. "शाळेत पालकसभा होती, तिथल्या बाथरूमला वाचलं. मला वाटलं, आपलंच दुकान. आपल्याच घरची युक्ती. तू नव्हतीस एकदाही. बाबा होते. मी डोळ्यांनी खुणा केल्या. बाबा म्हणाले, डोळ्यांत काही गेलं का, आणि कागद कुठल्या रंगाचा बांधू विचारलं."

"कुठल्या रंगाचा बांधला?"

"गुलाबी."

आणि बेबी हसली. तेच जुनं हसू, खिळ्यांचा डबा सांडल्यासारखं. अर्ध्यातच तिने दोन्ही हातांनी तोंड दाबलं, पण ते बोटांतून बाहेर येतच राहिलं, आणि येता येता त्याचं रडणं झालं. आईंनी तिचं डोकं पोटाशी घेतलं.

"मला फोन केला होतास तू," आई म्हणाल्या. "मी काय म्हणाले होते?"

"जाऊ दे ना आई."

"सांभाळून घे म्हणाले होते." आईंनी तिचे केस मागे सारले. "जळो माझी जीभ."

"आजी," चिमणी म्हणाली, "आम्ही तिकडे नव्या गावाला नाही ना जायचं?"

कुणी उत्तर द्यायच्या आत भिंतीपलीकडून मालकांचा आवाज आला. भावांचं भांडण सायकलीवरून दम लागून थांबलं होतं, आणि त्या शांततेत मालकांनी आपल्याला येणारी एकच गोष्ट सुरू केली होती. ते माल दाखवत होते.

"असा धरा जावईबापू. डाव्या हातात. अंगठा खाचेत. बसला? आता वजन बघा. लोहाराने तीनदा वितळवलं डोकं, मी म्हटलं, डावं म्हणजे डावंच पाहिजे."

"बाबा, खरंच, मला नको आहे."

"बघायला काय जातंय! हा दांडा बघा. लाकूड कुठलं ओळखा. ओळखा बघू. नाही ओळखता येणार, घाई नको. बसा, पाणी घ्या."

या बोलण्याला आजवर अख्खा बाजार कंटाळला होता. दोन खिळे घ्यायला आलेला माणूस त्यांच्या तावडीतून संध्याकाळी सुटायचा. सुनेने त्यावरून कितीदा कपाळाला हात लावला होता. आता ती भिंतीला कान लावून ऐकत होती आणि मनात म्हणत होती, बोला बाबा. बोला. थांबू नका.

मालक बोलत होते. मध्येच त्यांचा आवाज फुटायचा, मग ते खोकल्याचं निमित्त करून पुढे जायचे. "कुणी घेतला नाही तरी चालेल. एकीने तीनदा घेतला, जावईबापू. तीनदा. मला वाटलं, आवडला."

मागच्या गल्लीत गाडीचं दार उघडल्याचा आवाज आला. थोरलीने मागचं दार उघडलं. केंद्रातली तिची जोडीदारीण उतरून उभी होती. तिने चिमणीपुढे हात केला. आई आधी बसल्या, न सांगता, पदर खोचून. त्यांना कुणी चला म्हटलं नव्हतं आणि उतरा म्हणायची कुणाची छाती नव्हती. मग चिमणी. बेबी पायरीवर थांबली, वळून प्लायवूडच्या भिंतीकडे बघत.

"चल," थोरली म्हणाली. "ते सांभाळतील."

"बाबा? सांभाळतील?"

"माल दाखवतायत. सोडायचे नाहीत."

बेबी चढली, थोरली मागेच राहिली, आणि गाडी निघाली. आवाज पुढे गोदामात गेलाच. जावयाचं स्टूल सरकलं.

"बेबी!" त्याचा आवाज अजून मऊच होता. "चला, निघायचं." मग पावलं आली, गोदामापासून मागच्या खोलीच्या दारापर्यंत, आणि तिथे थांबली. थोरलीने फटीतून पाहिलं. दारात मालक उभे होते. एवढासा माणूस, हातात डाव्या हाताचा हातोडा, चुकून बरोबर डाव्याच हातात. त्यांच्या मागे थोरला येऊन उभा राहिला, त्याच्या शेजारी धाकटा, दोघांचेही शर्ट ओढाताणीत विस्कटलेले.

"बाबा, सरा जरा. ती आत आहे ना?"

मालकांचे ओठ हलले. इतक्या वर्षांत जे कधी जमलं नव्हतं ते जिभेवर आणायला त्यांना वेळ लागला. आधी सवयीने 'बसा' आलं, मग 'पाणी' आलं, मग ते गिळून त्यांनी मान वर केली.

"नाही," ते म्हणाले.

"म्हणजे? चिमणी कुठे आहे?"

"नाही."

"हे काय चाललंय?" आवाजातला मऊपणा आता साल सोलल्यासारखा निघाला होता. "माझी बायको आहे ती. आम्हाला उद्या निघायचंय. ती चावी द्या इकडे."

"नाही," मालक म्हणाले आणि चावी खिशात टाकली. शब्द एकदा सुटल्यावर त्यांना त्याची चव लागली असावी. "नाही. चावी नाही. शाखा नाही. पोरगी नाही. नात नाही. नाही, नाही, नाही!"

जावयाने एकेकाकडे पाहिलं. मालक, थोरला, धाकटा. मग थोरली दार उघडून त्यांच्या शेजारी येऊन उभी राहिली, हातात फोन, आणि पलीकडून पोलीस चौकीतला माणूस 'हां बोला, पत्ता सांगा' म्हणत होता, तो सगळ्यांना ऐकू येत होता. जावई मागे सरला. वॉशरवरून त्याचा पाय घसरला, सावरला, आणि तो शटरखालून वाकून बाहेर पडला. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. आज ती रिकामीच गेली.

धाकट्याने खाली बसून वॉशर गोळा करायला घेतले. थोड्या वेळाने मान खालीच ठेवून म्हणाला, "वहिनी, कमोड जिन्यातच राहू देत."

मालक दारातून हललेच नव्हते. तेवढ्यात शटरखालून एक डोकं आत आलं.

"मालक, चालू आहे का दुकान? खिळे आहेत का एक इंची?"

"नाही!" मालक गरजले.

गिऱ्हाइकाने मालकांच्या पायाशी असलेल्या खिळ्यांच्या पोत्याकडे पाहिलं. मग मालकांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, हळूच मान बाहेर काढली, आणि बाहेर जाऊन पाटी पुन्हा एकदा वाचली.